निवासी वैद्यकीय प्रशिक्षण : जिल्हा रुग्णालय आणि अध्यापन रुग्णालय

निवासी वैद्यकीय प्रशिक्षण : वैद्यकाची पहिली पदवी घेतलेल्या डॉक्टराने एखाद्या विशिष्ट शाखेत प्रावीण्य मिळविण्यासाठी रुग्णालयात राहून, वरिष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठराविक मुदतीपर्यंत केलेल्या सेवायुक्त अभ्यासास निवासी प्रशिक्षण म्हणतात. असे प्रशिक्षण घेणाऱ्यास निवासी डॉक्टर ही संज्ञा आहे. तो एकाच वेळी विद्यार्थी आणि रुग्णालयाचा सेवक असतो. हे त्याच्या भूमिकेचे दुहेरी स्वरूप या शिक्षणपद्धतीचे वैशिष्ट्य आहे आणि तिच्यातील बहुतेक अडचणींचे मूळही आहे. प्रशिक्षण कोणत्या प्रकारच्या रुग्णालयात घ्यावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ विद्यार्थ्याच्या सोयीचा राहत नाही. तेथे कोणते रुग्ण येतात, त्यांच्यावर उपचार करण्याची जबाबदारी निवासी डॉक्टरावर किती व कशी सोपविली जाते आणि त्याची चूक वेळीच ओळखणारा शिक्षक जवळ असतो की नाही, यांवर त्या डॉक्टराची पुढील तीस-चाळीस वर्षांची वैद्यकी अवलंबून असते. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल व दुर्गम जिल्ह्यात तर हा प्रश्न रुग्णांच्या जीविताशी जोडला गेला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आजच्या अर्थाने निवासी प्रशिक्षणाची सुरुवात अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. विल्यम ऑस्लर यांनी कायचिकित्सेत व विल्यम हॉलस्टेड यांनी शल्यचिकित्सेत जर्मन विद्यापीठांतील पद्धतीच्या आधारे क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या जबाबदारीची योजना आखली. शिकाऊ डॉक्टर रुग्णालयाच्या आवारातच राहत. ‘निवासी’ हे नाव त्यावरूनच पडले. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने वैद्यकीय शिक्षण विद्यापीठाशी आणि प्रयोगशाळेशी जोडले जावे, हा विचार दृढ केला. त्यामुळे विद्यापीठीय रुग्णालय हे उत्तम शिक्षणाचे स्थान आणि गावातील वा शहरातील लोकांच्या नित्य सेवेसाठी असलेले सामुदायिक रुग्णालय हे दुय्यम स्थान, अशी श्रेणी रूढ झाली. अमेरिकेत दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांत निवासी प्रशिक्षण दिले जाते व उमेदवाराला त्यांतून निवड करावी लागते.

महाराष्ट्रात १८४५ मध्ये मुंबई येथे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्या जोडीने जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झाले. १९२६ पासून सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय आणि १९४६ पासून पुण्याचे बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय यांची भर पडली. पदव्युत्तर शिक्षण दीर्घकाळ अशा मोठ्या शहरांतील अध्यापन रुग्णालयांतच एकवटले होते. भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली. १९५९ मध्ये नेमलेल्या मुदलियार समितीने जिल्हा रुग्णालयांत विशेषज्ञांच्या सेवा बळकट करण्यावर भर दिला. श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालानंतर, १९७७ मध्ये, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी, अशी वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना केंद्र शासनाने हाती घेतली. शिक्षण महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर नेण्याचा विचार अशा प्रकारे जुनाच आहे.

दोन प्रकारच्या रुग्णालयांचे स्वरूप : अध्यापन रुग्णालयात प्रत्येक शाखेचा स्वतंत्र विभाग असतो. विभागाचे एककांत विभाजन झालेले असून प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक, वरिष्ठ निवासी आणि तीन वर्षांचे कनिष्ठ निवासी अशी उतरंड असते. विकृतिविज्ञान, सूक्ष्मजीवविज्ञान, क्ष-किरण निदान, रक्तपेढी व अतिदक्षता विभाग एकाच आवारात मिळतात. इतर रुग्णालयांनी पाठविलेले अवघड रुग्ण येथे येत असल्याने दुर्मीळ व गुंतागुंतीचे आजार पाहावयास मिळतात. रोजची फेरी, रुग्णचर्चा, नियतकालिकांचे वाचन, मृत्यूंची चिकित्सा व प्रबंधलेखन यांमुळे विचारास शिस्त लागते. याउलट रुग्णाचा आजार अनेक विभागांत वाटला जातो आणि निवासी डॉक्टराच्या वाट्यास त्याचा एक तुकडा येतो. उतरंड लांब असल्यामुळे पहिल्या वर्षाच्या निवाशाचा बराच वेळ रक्ताचे नमुने पोचविणे, तपासण्यांचे निष्कर्ष गोळा करणे व कागदपत्रे भरणे यांत जातो.

जिल्हा रुग्णालयातील चित्र वेगळे असते. येथे येणारे आजार समाजात प्रत्यक्ष आढळणाऱ्या आजारांच्या प्रमाणाशी मिळतेजुळते असतात : ताप, अतिसार, न्यूमोनिया, क्षयरोग, सर्पदंश, अस्थिभंग, अडलेली प्रसूती, नवजात बालकांचे आजार. शाखेचे एक किंवा दोनच विशेषज्ञ असल्याने निवासी डॉक्टर त्यांच्याबरोबर थेट काम करतो. मधल्या पायऱ्या नसतात. शवविच्छेदन, न्यायवैद्यकीय दाखले, साथींची सूचना, लसीकरण, क्षयरोग व हिवताप नियंत्रणाचे राष्ट्रीय कार्यक्रम ही शासकीय आरोग्यव्यवस्थेची अंगे त्याला जवळून दिसतात. मात्र विशेषज्ञाचे एखादे पद रिक्त राहिले, तर त्या शाखेचे शिक्षणच थांबते. ग्रंथालय, नियमित रुग्णचर्चा व संशोधनाची सोय बहुधा तोकडी असते.

दोहोंतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तीव्र पांडुरोग असलेली व प्रसूतिवेदना सुरू झालेली स्त्री दुर्गम पाड्यावरून आली, असे समजू. अध्यापन रुग्णालयात प्रसूतिविभाग, कायचिकित्सा, रक्तपेढी व शुद्धिहरण विभाग यांचे निवासी आपापला भाग पाहतात. रक्त आवारातच मिळते आणि निर्णय वरिष्ठ घेतात. निवासी तेथे पांडुरोगाची सविस्तर कारणमीमांसा शिकतो. जिल्हा रुग्णालयात त्याच निवाशाला वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत? भूलतज्ञ उपलब्ध आहे का? येथेच शस्त्रक्रिया करावी, की रुग्णवाहिकेने पुढे पाठवावे? पाठविल्यास वाटेतील वेळ तिला सोसेल का? पहिल्या ठिकाणी रोगाचे ज्ञान सखोल होते, दुसऱ्या ठिकाणी मर्यादित साधनांत निर्णय घेण्याची शक्ती वाढते. चांगल्या डॉक्टराला दोन्हींची गरज असते. तथापि दुसऱ्या ठिकाणी हा निर्णय त्याने विशेषज्ञाच्या देखरेखीखाली घेतला, तरच ते शिक्षण ठरते. एकट्याने घेतला, तर तो रुग्णावर केलेला प्रयोग होतो.

भारतातील पदव्युत्तर व्यवस्था : विद्यापीठांच्या एम्. डी. व एम्. एस्. या तीन वर्षांच्या पदव्या प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांत दिल्या जातात. महाराष्ट्रात ही महाविद्यालये १९९८ मध्ये नासिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. महाविद्यालय नसलेल्या रुग्णालयांत प्रशिक्षण घेण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदविका, अर्थात ‘डी. एन्. बी.’ होय. हे मंडळ १९७५ मध्ये राष्ट्रीय वैद्यकविज्ञान अकादमीच्या अंतर्गत सुरू झाले व १९८२ मध्ये स्वायत्त झाले. त्याची अंतिम परीक्षा केंद्रीय पद्धतीने होते. त्यामुळे परीक्षार्थीला सामान्यतः आपल्या संस्थेबाहेरील परीक्षकांस सामोरे जावे लागते. २०२० मध्ये मंडळाने शुद्धिहरण, स्त्रीरोग व प्रसूतिविद्या, बालरोग, क्ष-किरण निदान, नेत्ररोग, कान-नाक-घसा, क्षयरोग व छातीचे विकार आणि कुटुंबवैद्यक अशा आठ शाखांत दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम सुरू केले. जिल्हा पातळीवर विशेषज्ञांची उणीव भरून काढणे, हा त्यांमागील एक हेतू होता. १९१२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशिअन्स अँड सर्जन्स या संस्थेच्या पदविकांनीही महाराष्ट्रातील अनेक लहान रुग्णालयांना विशेषज्ञ पुरविले. तथापि त्यांच्या मान्यतेविषयी अलीकडच्या काळात वाद झाले.

पदव्यांच्या समकक्षतेचा प्रश्न निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियम, २०१९ अन्वये संलग्न रुग्णालय असलेल्या वैद्यकीय संस्थेत किंवा ५०० वा त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयात मिळविलेली डी. एन्. बी. ही एम्. डी. किंवा एम्. एस्. शी सर्व बाबतींत समकक्ष मानली आहे. इतर रुग्णालयांत ती मिळविली असल्यास, अध्यापनासाठी समकक्ष ठरण्याकरिता वैद्यकीय महाविद्यालयात एक वर्षाची अधिक वरिष्ठ निवासी सेवा आवश्यक ठरविली आहे. रुग्णसेवेसाठी असा भेद केलेला नाही. म्हणजेच ज्याला पुढे अध्यापक व्हावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने लहान रुग्णालयाची निवड थोडी लांबची वाट ठरते. ज्याला तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावी रुग्णसेवा करावयाची आहे, त्याला ती अडचण येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील परिस्थिती : हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्हे म्हणून निवडलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत नंदुरबारचा समावेश होता. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांचा मोठा भाग सातपुड्याच्या रांगांत वसलेला आहे. तेथील पाड्यांवरून रुग्णाला झोळीत घालून पायवाटेने रस्त्यापर्यंत आणण्याचे प्रसंग येतात. सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेल्या नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगते दवाखाने वापरण्यात आले. भिली, पावरी, मावची, अहिराणी इ. बोली येथे प्रचलित आहेत. पुण्या-मुंबईत शिकलेल्या डॉक्टराला रुग्णाचे म्हणणे समजून घेण्यासाठी परिचारिका किंवा आशा कार्यकर्तीची मदत घ्यावी लागते. अनेक कुटुंबे मजुरीसाठी हंगामात गुजरातेत जातात व त्यामुळे क्षयरोगासारख्या दीर्घ उपचारात खंड पडतो.

बालकांचे कुपोषण, मातांमधील पांडुरोग आणि सिकलसेल (दात्रकोशिका) विकार हे जिल्ह्यातील प्रमुख आरोग्यप्रश्न आहेत. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पश्चिम व मध्य भारतातील आदिवासी समाजांत विशेष आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. मोठ्या शहरातील निवाशाला हा रोग बहुधा मोजक्या रुग्णांतच दिसतो. येथे मात्र प्रत्येक पांडुरोग लोहाच्या अभावामुळेच झालेला नसतो, ही गोष्ट रोजच्या बाह्यरुग्ण विभागातच शिकावी लागते. पुस्तकी ज्ञान आणि स्थानिक रोगमान यांतील अंतर यावरून लक्षात येते.

जिल्ह्यातील आरोग्यसेवेची साखळी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, धडगाव व मोलगी यांसारखी ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये आणि नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय अशी उभी राहिली. नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथील मिशनचे रुग्णालय ही धर्मादाय स्वरूपाची सेवा आहे. याहून अवघड रुग्ण परंपरेने धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा गुजरातेत सुरतेकडे पाठविले जात. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून नंदुरबार येथे १०० विद्यार्थ्यांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व जिल्हा रुग्णालय त्याच्याशी संलग्न करण्यात आले. त्याच सुमारास आलेल्या कोविड-१९ च्या साथीत, दुसऱ्या लाटेपूर्वीच हवेतून प्राणवायू वेगळा करणारे संयंत्र येथे उभारले गेले. जिल्हा पातळीवरील पूर्वनियोजनाचे हे उदाहरण देशभर चर्चिले गेले.

महाविद्यालय आल्यामुळे सामुदायिक रुग्णालय व अध्यापन रुग्णालय हा भेद नंदुरबार शहरात एकाच छताखाली आला आहे. जिल्हा रुग्णालयाचे काम रुग्णसंख्येवर मोजले जाते, तर महाविद्यालयाचे अध्यापकसंख्येवर. नियमांनुसार अध्यापकांची पदे भरली गेली, तर जिल्ह्याला कधी न मिळालेले विशेषज्ञ मिळतात व अवघड रुग्णांचा दूरचा प्रवास वाचतो. पदे कागदावरच राहिली, तर विद्यार्थीही वंचित राहतात आणि पूर्वीची रुग्णसेवाही विस्कळीत होते. नव्या महाविद्यालयांच्या बाबतीत हा धोका सर्वत्र संभवतो.

जिल्हा निवासी कार्यक्रम : निवड एकदाच करून एका प्रकाराला सर्वस्वी वाहून घेण्याऐवजी दोहोंचा अनुभव मिळावा, या हेतूने सप्टेंबर २०२० मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत बदल करण्यात आला. त्यानुसार एम्. डी. व एम्. एस्. च्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्यव्यवस्थेत काम करणे अनिवार्य झाले. अशा विद्यार्थ्यास ‘जिल्हा निवासी’ म्हणतात. हा कालावधी समाधानकारकपणे पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेस बसता येत नाही. चिकित्साशाखांचे निवासी बाह्यरुग्ण, आंतररुग्ण व अपघात विभागांत जिल्ह्यातील विशेषज्ञांच्या देखरेखीखाली काम करतात. अन्य शाखांचे निवासी सार्वजनिक आरोग्याचे कार्यक्रम शिकतात. विद्यावेतन मूळ संस्थेकडूनच मिळते. आरंभी किमान १०० खाटांचे रुग्णालय यासाठी अपेक्षित होते; डिसेंबर २०२३ च्या नियमांत ही मर्यादा ५० खाटांवर आणली गेली. त्यामुळे अधिक लहान गावांतील रुग्णालये या योजनेत येऊ शकतात. २०२५ च्या नियमांनी २२० वा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयांना अध्यापन संस्था होण्याचा मार्ग खुला केला व तेथील दीर्घ अनुभवी विशेषज्ञांना अध्यापकपदासाठी पात्र मानले. दोन प्रकारच्या रुग्णालयांमधील सीमारेषा अशा रीतीने पुसट होत चालली आहे.

तीन महिन्यांची ही मुदत उपयुक्त ठरण्यास काही गोष्टी आवश्यक आहेत. निवाशाची शाखा आणि तेथील विशेषज्ञाची शाखा जुळली पाहिजे. त्याला राहण्याची सुरक्षित सोय व बदलीच्या ठिकाणी जाण्यायेण्याचे साधन हवे. महिला निवाशांच्या बाबतीत रात्रीच्या कामाच्या जागी विश्रांतीची खोली व सुरक्षा यांना विशेष महत्त्व आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रिक्त पदावरील डॉक्टरांच्या जागी त्याला उभे करण्याचा मोह टाळला पाहिजे. दर तीन महिन्यांनी बदलणारा निवासी हा कायम विशेषज्ञाला पर्याय होऊ शकत नाही. पाड्यावरील रुग्ण एकदा ओळखीच्या झालेल्या डॉक्टराकडेच पुन्हा येतो.

निवडीचे निकष : रुग्णालयाच्या नावापेक्षा किंवा खाटांच्या संख्येपेक्षा पुढील बाबी उमेदवाराने पाहाव्यात. प्रशिक्षणार्थींच्या मानाने प्रत्यक्ष हजर असणारे अध्यापक किती आहेत. त्या शाखेतील नेहमीच्या शस्त्रक्रिया व उपाय निवाशाच्या हातून वर्षाकाठी किती होतात आणि त्यांची नोंदवही ठेवली जाते का. रात्री दोन वाजता बोलावल्यास वरिष्ठ येतात का. मृत्यूंची चर्चा दोष न लपविता होते का. कामाचे तास व साप्ताहिक सुटी यांचे पालन होते का. १९९२ च्या केंद्र शासनाच्या निवासी योजनेतील आदेशात सलग काम साधारणतः बारा तासांहून अधिक नसावे असे म्हटले होते. २०२३ च्या नियमांनीही वाजवी कामाचे तास व विश्रांतीचा उल्लेख केला आहे. प्रत्यक्षात या मर्यादा अनेक ठिकाणी पाळल्या जात नाहीत व थकलेल्या डॉक्टराच्या हातून होणाऱ्या चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

शाखेनुसारही निवड बदलते. मेंदूची शस्त्रक्रिया, हृदयरोग यांसारख्या अतिविशेष शाखांकडे जाऊ इच्छिणाऱ्यास सुसज्ज अध्यापन रुग्णालयाचा पाया उपयोगी पडतो. कुटुंबवैद्यक, सामान्य शल्यचिकित्सा, प्रसूतिविद्या, बालरोग व शुद्धिहरण या शाखांत मात्र मोठी रुग्णसंख्या आणि जबाबदार विशेषज्ञ असलेले लहान रुग्णालय तितकेच, किंबहुना अधिक, फलदायी ठरू शकते. ज्याला पुढे जेथे काम करावयाचे आहे त्या परिस्थितीशी साम्य असलेल्या ठिकाणी शिकावे, हे तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत व २०२१ मधील त्यांच्या सुधारित आवृत्तीत मांडले आहे. ग्रामीण भागातून आलेल्या आणि ग्रामीण भागात प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी तेथे टिकून राहण्याची शक्यता अधिक असते, असा त्यांमागील अनुभव आहे.

या दोन पद्धतींचा मेळ घालणे अशक्य नाही, हे वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने दाखविले आहे. खेड्याच्या परिसरात वसलेली ही संस्था अध्यापन रुग्णालयाची शिस्त आणि सामुदायिक रुग्णालयाचा रुग्णवर्ग यांना एकत्र आणते. नंदुरबारच्या महाविद्यालयास जिल्हा रुग्णालयाचा वारसा लाभला असल्याने तेथेही अशा मेळास वाव आहे. तो साधला, तर सातपुड्यातील एखाद्या पाड्यावरील मुलगा किंवा मुलगी आपल्याच जिल्ह्यात डॉक्टर होऊन, रुग्णाच्या बोलीत विचारपूस करून, अडलेली प्रसूती किंवा सिकलसेलचा झटका तेथेच हाताळू शकेल. त्यासाठी नव्या इमारतींइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, गरज आहे ती रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकविणाऱ्या विशेषज्ञांची. कारण निवासी प्रशिक्षणाची गुणवत्ता अखेर गुरूच्या उपस्थितीवर ठरते.